शेवटच्या पाच मिनिटांचे विज्ञान

दिवाळीत घरच्या चकलीला नावे ठेवू नयेत आणि घरच्या लाडक्या मालिकेलाही नावे ठेवू नयेत, हे शहाण्याने पाळावयाचे पथ्य आहे. चकली करणारी समोर उभी असते आणि मालिका पाहणारे चहूबाजूंनी बसलेले असतात. तरीही यंदा हे दुसरे पथ्य मोडावयाचे मी ठरविले आहे. माझे भांडण आहे ते दूरचित्रवाणीवरील वैज्ञानिक मालिकांशी; नेमके सांगावयाचे तर त्यांच्या शेवटच्या पाच मिनिटांशी. पहिली पंचवीस मिनिटे मी त्यांना खुशाल माफ करून टाकतो.

त्या पाच मिनिटांत काय घडते हे वाचकांना सांगावयास नकोच. यान संकटात सापडलेले असते. शत्रूचे किरण भिंती वितळवीत असतात. कप्तान दात-ओठ खात असतो. इतक्यात कोपऱ्यातला एक चष्मेवाला तरुण एकाएकी ताठ होतो आणि म्हणतो, ''मुख्य यंत्राचा प्रवाह उलटा केला तर?'' पटापट चार कळा दाबल्या जातात, निळा उजेड पसरतो आणि संकट टळते. या यंत्राचा प्रवाह उलटा करता येतो, हे आधी कोणी सांगितलेले नसते. पुढच्या आठवड्यात याहून मोठे संकट येते, तेव्हा तो प्रवाह पुन्हा उलटा करावा असे त्या यानावरच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात येत नाही!

मी राहतो विसरवाडीला. सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, नवापूर तालुक्यात हे गाव आहे. धुळ्यापासून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला, आणि त्याच साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' अवतरला. अंतराळातल्या तुरुंगातून पळालेले कैदी एकेक करून पकडणारा हा वीर तेव्हाच्या पोरांना फार आवडला. ती पोरे आता बापे झाली आहेत आणि त्यांची पोरे हातातल्या फोनवर साऱ्या जगाच्या मालिका पाहतात. मी वर्षानुवर्षे शाळेत विज्ञान शिकविले, त्यामुळे पाहून झाल्यावर ती शंका घेऊन माझ्याकडे येतात. शेजारच्या सातवीतल्या एका मुलाने मागे मला विचारले, ''सर, हे यंत्र मागच्या आठवड्यात कुठं होतं?'' मी उत्तर देण्याच्या आतच त्याची धाकटी बहीण म्हणाली, ''तेव्हा त्याचं चार्जिंग संपलं होतं.'' या विषयावरची पुष्कळ जाडजूड समीक्षा या दोन वाक्यांत येऊन गेली, असे माझे मत आहे.

आता प्रतिपक्ष काय म्हणतो ते पाहू. पहिला पक्ष म्हणतो, ''अहो, करमणूक आहे ती! डोके बाजूला ठेवून पाहा.'' हा सल्ला देणारे लोक रहस्यकथा वाचताना मात्र डोके बाजूला ठेवीत नाहीत. बाबुराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथा ज्या मराठी वाचकाने दिवाणखान्यात आणि आगगाडीत बसून वाचल्या, त्याला शेवटच्या पानावर असे सांगून पाहावे की, खून एका अशा माणसाने केला ज्याचे नाव आधी कोठेच आलेले नाही, आणि तोही अशा विषाने जे या क्षणापर्यंत जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तो पुस्तक भिरकावून देईल. इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. ते स्वतःही रहस्यकथा लिहीत. १९२९ साली त्यांनी रहस्यकथाकारांसाठी दहा नियम घालून दिले. त्यांपैकी एक नियम असा की, आजवर न सापडलेले विष वापरू नये, आणि ज्याच्यासाठी शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा द्यावा लागेल असे उपकरणही वापरू नये. पाहा, विज्ञानाचे नाव घेऊन वाचकाला फसविता येते, हे त्या गृहस्थांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. करमणूक म्हटली म्हणजे फसवणूक चालते असे नाही. उलट करमणुकीतच ती लवकर कळते.

दुसरा पक्ष जरा वडीलधारा आहे. तो म्हणतो, ''आपल्या पुराणांत तरी दुसरे काय आहे? तेथे चमत्कार गोड लागतात आणि येथे का बोचतात?'' या पक्षाला मी आदरपूर्वक नृसिंहाची कथा पुन्हा ऐकावयास सांगेन. हिरण्यकशिपूने वर मागून घेतला तो एखाद्या निष्णात वकिलाने दस्तऐवज करावा तसा. मरण माणसाकडून नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्राने नको, अस्त्राने नको. देवाला हा वर झटक्यासरशी रद्द करता आला असता. तो देवच होता! पण कथाकाराने तसे होऊ दिले नाही. धड माणसाचे आणि तोंड सिंहाचे, वेळ तिन्हीसांजेची, जागा उंबरठ्याची, आसन मांडीचे आणि हत्यार नखांचे. कागदावरचे प्रत्येक कलम पाळून राक्षस मारला. म्हणून ती कथा शेकडो वर्षे कीर्तनकारांना पुरली. शेवट ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असला तरी बिघडत नाही, कारण अट आणि तिची सोडवणूक यांचा सांधा इतका बेमालूम बसला आहे. भस्मासुराचेही तेच. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील त्याचे भस्म, हा नियम एकदा ठरला. मग त्याचाच हात त्याच्या डोक्यावर गेला. पुराणकाराने चमत्कार मागितला तो आरंभी. शेवटाला त्याने एक पैही उसनी घेतली नाही.

तिसरा पक्ष माझ्या बाजूचा म्हणून पुढे येतो, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. हा पक्ष पदार्थविज्ञानाचे पुस्तक मांडीवर घेऊन मालिका पाहावयास बसतो. प्रकाशापेक्षा जास्त वेग? अशक्य! निर्वात अवकाशात स्फोटाचा आवाज? चूक! यांचे म्हणणे चुकीचे नसते, पण असल्या तपासणीतून कोणतीच वैज्ञानिक कथा जिवंत बाहेर पडावयाची नाही. एच. जी. वेल्स यांनी १८९५ साली काळात मागेपुढे नेणारे यंत्र कल्पिले. ते आजही कोणाला करता आलेले नाही. पण वाचकाकडून त्यांनी एवढी एकच गोष्ट उसनी घेतली आणि त्यानंतरचा सगळा व्यवहार रोखीने केला. कथाकाराला एक अशक्य गोष्ट माफ असावी. माझा कटाक्ष आहे तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि दर आठवड्याच्या नव्या अशक्य गोष्टीवर.

दूरचित्रवाणीवर हे साधलेच नाही असे नाही. फ्रेड हॉईल हे केंब्रिजचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ; आपले जयंत नारळीकर हे त्यांचे शिष्य. जॉन एलियट यांच्या जोडीने हॉईल यांनी बी.बी.सी.साठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका लिहिली. ती १९६१ साली दाखविली गेली. ताऱ्यांमधली अंतरे अफाट आहेत आणि प्रकाशाहून वेगाने काही जात नाही, ही अट हॉईल यांनी मोडली नाही. मग परग्रहवासी येणार कसे? ते येतच नाहीत! येतो तो फक्त रेडिओवरून संदेश, आणि त्या संदेशात एक यंत्र कसे बांधावे याची कृती असते. पुढचा सगळा अनर्थ माणसे आपल्या हातांनी बांधतात. विज्ञानाची अट पाळली म्हणून कथेचे नुकसान झाले नाही. त्या अटीतूनच कथा निघाली.

नारळीकरांनी तोच संप्रदाय मराठीत आणला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेसाठी त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले, ही हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोचतात, जेथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. आता, एका जगातून दुसऱ्यात असे जाता येते हे कोणत्याही प्रयोगशाळेने दाखविलेले नाही. हीच ती एक उसनवारी. पण त्यानंतर नारळीकर कसे वागतात ते पाहा. दोन जगांमधला फरक ते एका गोळीवर आणून ठेवतात: एका जगात ती विश्वासरावांना लागते, दुसऱ्यात निसटून जाते. इतिहासाचा काटा कसा एखाद्या टोकाशी येऊन कोणत्याही बाजूला कलू शकतो, ते गणिताचा आधार देऊन सांगतात. आणि पुरावा म्हणून पंतांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान ठेवतात. नारळीकर २०२५ साली गेले. त्यांची ही शिस्त आपल्या मालिकांच्या लेखकांनी उचलली असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

उलट झाले काय? 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली आणि पुढे ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही रविवारी सकाळी आली. दर भागात यान ग्रहावर उतरविण्याचे दृश्य खर्चाचे होईल, म्हणून माणसे किरणांनी खाली पाठविणारे यंत्र निघाले. पैशाच्या अडचणीतून निघालेले हे यंत्र मला मुळीच खटकत नाही, कारण त्याला त्यांनी अटी घातल्या: ठराविक अंतरापलीकडे ते चालत नाही, संरक्षक कवच चढविले असताना चालत नाही. त्या अटींमुळेच अनेक भाग रंगले. पण १९८७ ते १९९४ या काळात चाललेल्या तिच्या पुढच्या पिढीच्या मालिकेची गोष्ट निराळी. तिचे एक लेखक रॉनाल्ड मूर यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, संवाद लिहिताना शास्त्रीय खुलाशाच्या जागी लेखक नुसते 'टेक' असे लिहून पुढे जात. त्या रिकाम्या जागेत भारदस्त शब्द भरण्याचे काम मागाहून शास्त्रीय सल्लागार करीत. जुन्या विवाहविधीच्या पोथीत 'येथे मंत्र म्हणावा' असे लिहिलेले असते, अगदी तसे! पोथीतला मंत्र निदान ठरलेला तरी असतो.

बी.बी.सी.वर १९६३ पासून चालत आलेली 'डॉक्टर हू' घ्या. तिच्या तिसऱ्या डॉक्टराच्या तोंडी न्यूट्रॉनांच्या प्रवाहाचे ध्रुव उलटे करण्याचे वाक्य होते; ते इतके गाजले की थट्टेचा विषय झाले. न्यूट्रॉनला विद्युत्‌भार नसतो, हे आमची नववीची मुले सांगतात. त्याला सूक्ष्म चुंबकत्व असते आणि ते प्रयोगशाळेत उलटविताही येते, हे खरे; पण त्याने समुद्रातून निघालेले राक्षस थांबतील असे मानावयास कारण नाही. याच मालिकेत १९६८ साली ध्वनीवर चालणारा एक पेचकस आला. आधी तो नावाप्रमाणे स्क्रू काढी. मग कुलपे उघडू लागला. मग काय करीत नाही असे काही उरलेच नाही. शेवटी १९८२ साली निर्मात्यांनी स्वतःच त्याचा नाश करविला, कारण त्याच्यामुळे डॉक्टराची सुटका फारच स्वस्त होऊ लागली होती. नव्या अवतारात तो परत आला, पण आता तो लाकडावर चालत नाही. माझ्या तक्रारीला याहून मोठा साक्षीदार कोणता हवा? निर्मात्यांनाच कळले की सर्व कुलपांना लागणारी किल्ली हाती आली की दाराला अर्थ उरत नाही.

''पण खऱ्या विज्ञानात इतका थरार कोठून आणावा?'' असे कोणी विचारील, तर एप्रिल १९७० मधील अपोलो-१३ ची हकीकत सांगावी. चंद्राच्या वाटेवर, पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरांहून दूर, प्राणवायूची टाकी फुटली. तिघे यात्री चांद्रयानात शिरले. ते दोघांसाठी आणि दोन-एक दिवसांपुरते केलेले होते. श्वासावाटे निघणारा कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे संपत आले. मुख्य यानातले डबे शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि चांद्रयानातली भोके गोल! जमिनीवरच्या तंत्रज्ञांनी कोणताही प्रवाह उलटा केला नाही. यानात ज्या वस्तू होत्या तेवढ्याच समोर मांडल्या: प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तकांचे पुठ्ठे, पोशाखाच्या नळ्या, चिकटपट्टी. त्यांतून जोडणी करून पाहिली आणि तिची कृती पायरीपायरीने रेडिओवरून वाचून दाखविली. तिघेही १७ एप्रिलला सुखरूप परत आले. गोल भोक आणि चौकोनी डबा, एवढ्यावर माणसाचा श्वास अडकलेला. कोणत्या निळ्या उजेडात याहून अधिक थरार आहे?

इतके तापण्यासारखे काय आहे, असे अजूनही कोणास वाटत असेल तर त्याने आमच्या बाजूला यावे. आमच्याकडे कोणी आजारी पडले की अजूनही पुष्कळ घरांतून आधी भगताकडे जातात. तो दाणे पाहतो, काही पुटपुटतो आणि कारण सांगतो. पुष्कळ भगतांना झाडपाल्याचे चांगले ज्ञान असते, ते मी नाकारीत नाही. पण ते कारण जेव्हा एखाद्या बाईकडे बोट दाखविते आणि ती डाकीण ठरते, तेव्हा तिचे जगणे संपते. राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी अशा घटना नंदुरबार जिल्ह्यातून आजही वर्तमानपत्रांत येतात.

आणि आमच्याकडेच सिकलसेलचा आजारही आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे कळले की त्या लांबलचक साखळीत एकच दुवा बदललेला असतो. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक शक्यता आजाराची. रक्ताचा थेंब द्रावणात टाकला आणि ते गढूळ झाले की संशय घ्यावा, मग पुढची तपासणी करून खात्री करावी. पहिल्या नोंदीनंतर एकशे तेरा वर्षांनी, २०२३ साली, ब्रिटन आणि अमेरिकेत याच्या जनुक-उपचाराला मान्यता मिळाली, आणि त्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची आहे. येथे चार कळा दाबून कोणी सुटत नाही. पण येथे प्रत्येक पायरी दाखविता येते, पुन्हा करून पाहता येते, आणि कोणत्याही बाईवर बोट ठेवावे लागत नाही.

आता सांगा, ज्या मुलाने वर्षानुवर्षे पडद्यावर पाहिले की पांढऱ्या कोटातला माणूस न कळणारे शब्द उच्चारतो आणि संकट पळते, त्याला भगत आणि शास्त्रज्ञ यांत फरक काय दिसावा? एकाचे दाणे, दुसऱ्याच्या कळा. दोघांनाही 'कसे?' म्हणून विचारावयाचे नसते. दवाखान्यात गेल्यावर तीन महिने गोळ्या घ्या म्हटले की त्याला वाटणार, ही कसली विद्या, हिच्यात निळा उजेडच नाही! विज्ञानाचे नाव घेऊन दाखविलेला मंत्र हा साध्या मंत्राहून वाईट, कारण मंत्राला पर्याय म्हणून जी एक गोष्ट आम्ही मुलांपुढे ठेवतो तिलाच तो आतून पोखरतो.

म्हणून मराठी मालिकाकारांकडे माझे मागणे साधे आहे. अशक्य गोष्ट एकच मागा आणि ती पहिल्या भागात मागा. शेवटी जे हत्यार काढावयाचे ते आधी खुंटीवर टांगलेले दिसू द्या. आज जे यंत्र चालले ते उद्या का चालत नाही याचे उत्तर ठेवा, आणि सुटकेची काहीतरी किंमत पात्रांना मोजावयास लावा. याला फार पैसा लागत नाही. आपल्या अंतराळ संस्थेचे मंगळयान २०१३ मध्ये निघाले, तेव्हा हाताशी असलेल्या रॉकेटात त्याला थेट मंगळाकडे फेकण्याचे बळ नव्हते. म्हणून त्याला पृथ्वीभोवतीच फिरवीत, प्रत्येक फेरीला योग्य जागी इंजिन पेटवून कक्षा वाढवीत नेले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ते मंगळाशी पोचले. गरिबीतून काढलेली ही वाट एखाद्या मालिकेच्या कळसाला शोभेल अशी नाही काय?

आणि घरोघरच्या आईबापांना एवढेच सांगतो की मुलांच्या हातून फोन काढून घेऊ नका. त्यांच्याबरोबर बसून पाहा. भाग संपला की 'हे यंत्र आधी दाखवलं होतं का?' एवढे विचारा. मुले हा खेळ लगेच शिकतात आणि मग ती फार कठोर परीक्षक होतात. नृसिंहाला उंबरठा शोधावा लागला, तेथे एका यानाच्या कप्तानाने फुकट का सुटावे?